द्वारकाताईंची छत्री आणि न पडलेला मंडप

गौरवलेखात तक्रार करणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. तरीही द्वारकाताईंच्या साठीच्या या मंगल प्रसंगी नमूद करतो की, त्यांनी माझी छत्री अद्याप परत केलेली नाही.

कुंभारीच्या पलीकडे एका खेड्यात महादेवाच्या जत्रेची बातमी आणायला मी गेलो होतो. तिथे एक बाई प्रदक्षिणेमागून प्रदक्षिणा घालत होत्या. मनात म्हटले, काय ही भक्ती! तेवढ्यात माझी पगडी पाहून त्या थांबल्या. "शास्त्रीबुवा, छत्री द्या. खांबाची उंची राहिलीय."

त्या द्वारकाताई होत्या, आणि देऊळ पावलांनी मोजत होत्या. टेप घेतलेली बाई दिसली की गाव गोळा होते. प्रदक्षिणा घालणारीला कोणी हटकत नाही. प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेले, हे पहिले प्रमाण, हे आम्ही शास्त्र्यांनी पाठ केले. ताईंनी ते पायांनी चालून दाखवले. या मापांवरून त्यांनी लिहिलेल्या ग्रंथावर, त्याच देवळाची मापे आधी छापलेल्या एका विद्वानांनी 'स्त्रीसुलभ भाविकता' असा शेरा मारला. ताईंनी उलट कळवले, "आपल्या मापांप्रमाणे गाभाऱ्याचे दार भिंतीत जाते. एकदा पायी मोजायला या." ते अजून आलेले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्याच देवळाचा मंडप पाडायचे पंचांनी ठरवले. ताई मला घेऊन तिथे पोचल्या. थोरले पंच म्हणाले, "बाई, लई गळतंय की. पाडून शिमिटाचा बांधतो. तुमास्नी काय तरास हाय?"

ताई मंडपात मधोमध बसल्या आणि त्यांनी माझी छत्री उघडली. "माझ्यावर काही गळत नाही. पाडा आता."

"उठा की, बाई! लोक हसत्यात."

"हसू देत. आधी सांगा, छपरावरची पाणी जायची दगडी पन्हळ कोणी बुजवली?"

पंच सोबत आणलेल्या गवंड्याकडे बघू लागले, गवंडी पंचांकडे. मागच्या डागडुजीत पंचांच्या सांगण्यावरून गवंड्यानेच ती चुन्याने लिंपली होती. ताईंनी ती समोर बसून मोकळी करवली. पुढच्या सरीला मंडपात थेंब पडला नाही. परतताना मी भिजून कुडकुडत होतो, तेव्हा ताईंनी अंगावरची शाल काढून मला दिली. छत्री मात्र नाही.

आता खरे सांगतो. पंचांनी बेत सोडलेला नाही. नव्या मंडपावर त्यांना आपल्या नावाची फरशी बसवायची आहे. ताई थकण्याची ते वाट पाहत आहेत, आणि ताईंचा गुडघा आताशा प्रदक्षिणेत मध्येच अडतो. त्यांच्या जागी जाऊन बसेल असे आमच्यात कोणी मला दिसत नाही. मी तर नव्हेच. म्हणून ताईंना धडधाकट शंभर वर्षे लाभोत, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. छत्री त्यांच्याकडेच राहू दे. ती माझ्याकडे परत आली, तर मंडप पडेल, अशी मला भीती वाटते.