पार्किंगमधली मुखपृष्ठं

शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी शहागंजातल्या एका रद्दीच्या दुकानात मला जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांचा ढीग दिसला. दुकानदार चाचा म्हणाले, "आतला कागद पुड्यांना जातो, बाई. हे गुळगुळीत कव्हर कुणी घेत नाय." सगळ्यात वरच्या कव्हरावर हिरव्या नऊवारीतली एक बाई सायकल धरून उभी होती, मागं पिवळंधमक आकाश. सगळं हातानं रंगवलेलं. मी तो अख्खा ढीग रिक्षात घालून पुंडलिकनगरला आणला.

सहा वर्षांत दिवाण भरला. धूळ झाडायची, मागून पातळ कागद लावायचा, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालायचा. नवरा म्हणायचा, "दिवाणात कुणाला दिसणार आहेत?" ते खरंच होतं. लोकांसमोर लावायचीच, असं मी ठरवलं.

एका वाचनालयाकडे सभागृह मागितलं. चिटणिसांनी चार कव्हरं चाळली. "मॅडम, ही काय कला म्हणायची? मासिक खपावं म्हणून काढलेली चित्रं."

"खपावं म्हणून काढलीत, पण जीव लावून काढलीत," मी म्हणाले आणि उठले.

सोसायटीच्या अध्यक्षांनी दोन दिवस पार्किंग द्यायला होकार दिला, पण गाड्या हलवायला लावायचं काम माझ्यावर टाकलं. मी दारोदार फिरले. खांबांना सुतळ्या बांधल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी कव्हरं टांगली. प्रत्येकाखाली चित्रकाराचं नाव लिहिलं. नाव सापडलं नाही तिथं तसं लिहिलं.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली, त्यांतली सहा आमच्याच इमारतीतली. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आले, बरोबर चाचीही. चाचा खुर्चीवर टेकले. चाची मात्र एकेका चित्रासमोर थांबत पुढं सरकत होत्या.

"ये मैंच फाडी थी," त्या एका कव्हराला बोट लावून म्हणाल्या. "पुड्या मीच करते ना घरी. पढने नहीं आता, पण तसवीर याद राहते. अशीच एक भिंतीवर लावली मी, शिलाई मशीनच्या वर."

"मला द्याल ती?"

"नाय. वो मेरी है."

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. माझ्या आधीपासून कुणीतरी हे जपत होतं.

मग मासिकावरून कव्हर न फाडता कसं सोडवायचं ते त्यांनी मला शिकवलं. पिनांची टोकं आधी सुरीनं उघडायची, डिंकावर ओलं फडकं ठेवून थांबायचं, ओढायचं नाही. "धंद्यात इतका वखत नव्हता," त्या म्हणाल्या. "आता तुमच्यासाठी नीट काढून ठेवते."

तेव्हापासून न फाटलेली कव्हरं येतात. यंदा फुलंब्रीच्या एका शाळेनं प्रदर्शनासाठी व्हरांडा दिलाय. कव्हर कसं सोडवायचं ते मुलांना दाखवायला चला, असं मी चाचींना म्हटलं. इतक्या पोरांसमोर बोलता नाय येणार, म्हणाल्या. मी म्हटलं, "बोलू नका. नुसतं करून दाखवा."