कमलची नडगी

"उजव्या पायावर उड्या मार," मी कमलला सांगितलं. "फक्त उजव्या."

सकाळचे साडेसहा झाले होते. बाकीची बॅच ग्राउंडला राउंड मारत होती. कमलने हसत हसत तीन उड्या मारल्या. चौथीला थांबली. हसू तसंच होतं, पण ओठ पांढरे पडले होते.

तिला पायरीवर बसवलं आणि नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत वरून खाली आणला. नवीन धावणाऱ्यांची नडगी दुखतेच. आम्ही त्याला शिन स्प्लिंट म्हणतो. ते दुखणं हाडाच्या कडेने वीतभर पसरलेलं असतं, आणि अंग गरम झालं की कमी होतं. पण अंगठा नखाएवढ्या एकाच जागी पोचला आणि माणसाने पाय ओढून घेतला, तर कोचने घाबरायचं असतं. तिथे हाडाला केसासारखी चीर गेलेली असू शकते. स्ट्रेस फ्रॅक्चर. ते पडल्याने होत नाही. हाड तयार व्हायच्या आधीच त्याच्यावर रोज जास्त भार टाकला की होतं.

कमलने पाय ओढून घेतला.

किती दिवसांपासून दुखतंय विचारलं, तर तिने आधी जवळ कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "पंधरा दिवस झाले असतीन. कोणाले सांगू नका मॅडम."

इव्हेंटला तीन आठवडे राहिले होते.

मी पुसदच्या एका शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. रिटायर झाल्यावर घरी बसून कंटाळले होते, तेव्हा इथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचे सेक्रेटरी काळे साहेब आले. त्यांना डायलिसिस सेंटर सुरू करायचं होतं आणि मशीनसाठी निधी हवा होता. कल्पना अशी, की धावायची सवय नसलेली मोठी माणसं घ्यायची, चार महिने ट्रेनिंग द्यायचं आणि जानेवारीत त्यांना दहा किलोमीटर पळवायचं. प्रत्येकासाठी त्याच्या ओळखीचे लोक शब्द देणार, की याने दहा पूर्ण केले तर आम्ही देणगी देऊ. कोच मी.

चौदा जण आले. पहिल्या दिवशी एक राउंडही कुणाचा पुरा झाला नाही. मी त्यांना एकच नियम दिला. धावताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर स्पीड जास्त आहे. याला टॉक टेस्ट म्हणतात. बँकेतले कॅशियर गुल्हाने यांनी तो नियम फारच मनावर घेतला. ते चालण्याहून हळू धावत आणि अखंड बोलत. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या बाजूला कोणी धावेना.

चौदावी होती कमल. पंचेचाळिशीची बाई, पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे जुने शूज. समोर येऊन म्हणाली, "ओळखलं का मॅडम? आठशे मीटर. माह्या पायात काही नव्हतं तं तुम्ही तुमचे कॅनव्हास दिलते."

आणि मला सगळं ग्राउंड दिसलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं. चुन्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून मी स्वतः ट्रॅक आखायची. जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्ही यवतमाळला एसटीने जायचो. दिग्रस येईपर्यंत मुलींचे डबे संपलेले असायचे, आणि मागच्या सीटवर कोणीतरी आधीच रडत असायचं की मी हरणार. कमल कधी रडली नाही. तांड्यावरून सायकलने यायची, लाल रिबिनी, हडकुळी. आठशे मीटरमध्ये ती जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा मी टेबलावर चढून ओरडले होते. पुढच्या वर्षी ही विभागात पहिली येणार, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले. दहावीनंतर तिचं लग्न ठरलं. मी टीमच्या यादीतून तिचं नाव खोडलं. अशी नावं खोडायची मला पुढे सवय झाली. पण ते पहिलं होतं.

आता ती झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवायची. मुलगा-सून कामासाठी बाहेरगावी असायचे. नवरा प्रकाश रिक्षा चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा दोघं पहिल्या एसटीने यवतमाळला जायचे. तिथे मशीनवर चार तास रक्त साफ करायचं आणि परत यायचं. येताना तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतो, असं तिने एकदा सांगितलं होतं. मशीन पुसदला आलं तर हा प्रवास संपणार होता. तिच्या गल्लीतल्या बायकांनी तिच्यासाठी शब्द दिला होता.

माझी चूक इथे झाली. तिसऱ्या आठवड्यात बाकीचे कसेबसे दोन किलोमीटर धावत होते आणि कमल पाच धावली. तिची पावलं वाजत नव्हती. डोळे मिटून ऐकलं तर बाजूने कोणी गेलं हे कळत नव्हतं. शिकवून येत नाही ते. धावण्याचं अंतर दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दम दोन महिन्यांत वाढतो, हाडांना वेळ लागतो. हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. पण कमलला मी बाकीच्यांच्या दुप्पट अंतर देत गेले. तिला नको म्हणायचं सुचलं नाही आणि मला थांबायचं. मला ती लाल रिबिनींची मुलगी परत बघायची होती.

त्याच दिवशी तिला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. कमल खूष झाली. पण डॉक्टरांनी सांगितलं की अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, काही आठवड्यांनी हाड भरायला लागलं की दिसते. एमआरआयला नागपूरला जावं लागलं असतं. त्यासाठी तिच्याकडे ना दिवस होता, ना मागे प्रकाशकडे बघायला कोणी. त्यांनी धावू नको असंच सांगितलं, आणि शेवटी निर्णय कोचवर सोडला.

दुसऱ्या दिवशी काळे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कमलचा फोटो पोस्टरवर होता. बस स्टँडपासून भाजी बाजारापर्यंत सगळीकडे लागलेला.

"एक्स-रे क्लिअर आहे ना, मॅडम?"

"आहे."

"मग?"

"पाय क्लिअर नाही."

ते वाईट माणूस नव्हते. अडचणीत होते. म्हणाले, निदान सुरुवातीचे शंभर-दोनशे मीटर तरी धावू द्या, फोटोपुरतं. मी नाही म्हटलं. दोनशे मीटरनंतर ती थांबणार नाही, हे मला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं की बाकी तेरा जण ठीक आहेत, हिलाच कसं झालं. मी खरं ते सांगितलं. हिला मी जास्त पळवलं. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग पोस्टर काढायला माणूस पाठवला.

कमलला सांगणं त्याहून अवघड गेलं. शाळेच्या किचन शेडमध्ये ती खिचडी ढवळत होती. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं.

"तवा लगनानं थांबवलं," ती म्हणाली. "आता तुम्ही थांबवून राह्यल्या."

"चूक माझी आहे, कमल."

"चूक तुमची अन् पाय माहा. मंग मले ठरवू द्या ना."

मी एवढंच म्हटलं, की हाड पूर्ण मोडलं तर तू सहा महिने खाटेवर, मग प्रकाशला यवतमाळला कोण नेईल? तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पोरांच्या ताटल्या मांडायला निघून गेली. त्यानंतर ती ग्राउंडवर आली नाही. फोनही उचलला नाही.

इव्हेंटच्या दिवशी तेरा जण धावले आणि तेराही पोचले. गुल्हाने सगळ्यात शेवटी आले, बोलतच. त्यांच्या बायकोने हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझा सत्कार झाला, शाल मिळाली. मी गर्दीत दोनदा कमलला शोधलं. घरी येऊन शाल कपाटात टाकली आणि जेवलेही नाही.

पुढे दोन आठवड्यांनी ती एकटीच दारात आली. डॉक्टरांनी दुसऱ्या एक्स-रेला बोलावलं होतं आणि तिला सोबत हवी होती. तसं ती म्हणाली नाही. "तुम्ही मोकळ्या असान तं," एवढंच म्हणाली.

या वेळी दिसलं. उजव्या नडगीवर एक बारीक पांढरा फुगवटा. हाड स्वतःला सांधत होतं. कमलने ती फिल्म खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिली. मी धावली असती तर काय झालं असतं, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कदाचित काही नाही, कदाचित सहाव्या किलोमीटरला दोन तुकडे. बाहेर आल्यावर तिने चप्पल घातली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सोमवारपासून सुरू करू?"

"पुढच्या महिन्यापासून. चालायचं. दहा मिनिटं."

मला वाटलं ती भांडेल. ती हसली.

उन्हाळ्यात मशीन आलं. प्रकाशला मंगळवार आणि शुक्रवार मिळाले. कमलने एप्रिलमध्ये धावायला सुरुवात केली, बाकीच्यांसारखीच, अर्ध्या राउंडपासून. गल्लीतल्या बायकांना काळे साहेबांनी कळवलं होतं की इव्हेंट संपला, आता तुमच्यावर बंधन नाही. त्यांनी उलट निरोप दिला, की आम्ही शब्द कमलला दिला आहे, जानेवारीला नाही.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी ती वाशिम रोडवर दहा किलोमीटर धावली. ना नंबर, ना बॅनर. दोन्हीकडे तुरी फुलल्या होत्या. मागे मी स्कूटीवर, हँडलला पाण्याच्या दोन बाटल्या. सगळा रस्ता ती बोलत होती. शाळेतल्या तांदळाबद्दल, सुनेबद्दल, प्रकाशच्या पथ्याबद्दल. शेवट दवाखान्याच्या गेटपाशी ठरवला होता, कारण प्रकाश आत मशीनवर होता. सिस्टरने तिला शूज बाहेर काढायला लावले. ती मोज्यांवरच आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. काचेतून दिसत होतं की ती काहीतरी सांगते आहे आणि तो नळ्या न हलवता दुसऱ्या हाताने तिच्या कपाळाचा घाम पुसतो आहे.

चांगल्या धावणाऱ्याला पळवायला कोच लागत नाही. थांबवायला लागतो. ही साधी गोष्ट मला रिटायर झाल्यावर कळली.

यंदा नवीन बॅच आहे. त्यात पोस्टातली एक बाई फार सुंदर धावते. तिला मी आठवड्यातून तीन दिवस सक्तीची सुट्टी दिली आहे. ती माझ्यावर नाराज आहे. असू दे.