बाप्पाची सीट, माझं बटण

आमच्या गाडीत कोणी किती पुढे बसायचं, हे गाडी ठरवते.

गाडी जुनी, पण तिची सीट बटणाने पुढेमागे होते, या एका गोष्टीवर भाळून मी ती घेतली. घरी आणल्याच्या आठवड्यात दोन्ही सीटा रुसल्या. आणि नेमका तेव्हाच यंदाचा गणपती पहिल्यांदा आमच्या रोह्याच्या घरी बसवायचं ठरलं! इतकी वर्षं तो दादाकडे असायचा. माझ्या बायकोने, वैशालीने, आईची किती मनधरणी केली म्हणून सांगू! आई कबूल झाली, पण एका अटीवर. "मूर्तीला जरा जरी खरचटलं ना प्रम्या, तर गणपती परत थोरल्याकडं. मग रडायचं नाय!"

रीतीप्रमाणे आमचा घरचा पाट पेणजवळच्या जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात आधीच दिला होता. मूर्ती त्या पाटावरच घडते. पाट आजोबांच्या काळातला, म्हणजे ऐसपैस. पुढची सीट पार मागे गेल्याशिवाय मावणार नाही.

"दादाचा टेम्पो सांगू या का?" वैशालीने विचारलं.

"टेम्पो? आपली गाडी असताना?" मी बाह्या सरसावल्या.

आदल्या संध्याकाळी मी दोन सीटांच्या मधलं झाकण उघडलं. आत दोन पिवळे प्लग. काढले, फुंकले, पुसले, परत बसवले. (कुठला कुठे होता, हे बघून ठेवायचं असतं म्हणे!) मग डोकं माझ्या सीटखाली घालून, हात वर करून माझ्या दाराचं 'मागे'चं बटण दाबलं. घुर्रर्र! मी ओरडलो, "झालं!" कुठली सीट हलली, ते बघायला डोळे मोकळे नव्हते.

सकाळी जोह्याहून बाप्पा निघाले. शेजारची सीट पार मागे गेलेली होतीच; तिच्यावर पाट, पाटावर बाप्पा, तोंडावर रुमाल. माझ्या सीटमागे वैशाली, हात लांबवून पाट घट्ट धरून. पेण गेलं, खड्डे आले, माझी कंबर बोलायला लागली. म्हटलं, सीट जरा पुढे घ्यावी. माझ्या दाराचं बटण दाबलं. घुर्रर्र आवाज झाला, पण मी होतो तिथेच. अजून दाबलं.

"अहो, बाप्पा चाललेत!"

"कुठे?"

"पुढे! सोंड लागेल आता!"

गडब गावात एका टपरीसमोर गाडी थांबवली. सोंड आणि डॅशबोर्ड यांच्यात चार बोटं उरली होती.  खाली उतरलो, पलीकडच्या दाराचं बटण 'मागे' दाबलं, तर माझी रिकामी सीट सणसणत मागे!

"अहो, माझे गुडघे!"

घाबरून 'पुढे' दाबलं. गुडघे सुटले. मग विचार करायला म्हणून मी परत जागेवर जाऊन बसलो आणि तिथूनच हात लांबवून तेच बटण पुन्हा दाबून बघितलं. (कशाला? मलाही अजून कळलेलं नाही.) बटण अडकलं! सीट मला घेऊन निघाली ती पोट स्टिअरिंगला टेकेपर्यंत. भोंऽऽऽ! हॉर्न सुरू. टपरीवरची माणसं चहा टाकून धावली.

"काय झाला? धक्का मारायचा हाय काय?"

"नाय, नाय! मागे ओढायचा हाय!"

शेवटी वैशालीच्या डोक्यात उजेड पडला. "अहो शहाणे, वायरी उलट्या जोडल्यात! तुमच्या दाराचं बटण दाबा, 'मागे'चं. हळू!"

दाबलं. बाप्पा सावकाश मागे सरकले. रुमालसुद्धा हलला नाही. मी हात जोडले आणि आता स्वतःला सोडवायला दुसरं बटण दाबलं. टक्! फ्यूज गेला. बाप्पा सुखरूप, मी अडकलेला.

"फ्यूज नंतर बघा. भटजी येऊन बसलेत!"

मग तसाच निघालो. श्वास आत घेतला की हॉर्न बंद, सोडला की सुरू. गडबपासून रोह्यापर्यंत आम्हाला सगळ्यांनी वाट दिली.

दारात दादाने बाप्पांना उतरवलं. आईने रुमाल बाजूला करून सोंड, हात, पायाची बोटं, सगळं चाचपून बघितलं. मी श्वास धरला. (हॉर्नही थांबला.)

"कुठं टवका नाय गेला," आई म्हणाली. "वैशाली गो, गणपती आता दरसाल हितंच बसायचा!"

वैशाली तिथेच रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. पोट आधीच स्टिअरिंगने भरलं होतं.

"दादा, मला काढ ना!"

"आधी पूजा, मग तू," म्हणून दादा आत गेला. आरती सुरू झाली. मी गाडीतूनच टाळ्या वाजवल्या, हॉर्नने ठेका धरला. त्या सकाळी आमच्याकडे दोघांची स्थापना झाली. आतल्याला एकवीस मोदकांचा नैवेद्य. बाहेरच्याला वैशालीने खिडकीतून अर्धा मोदक दिला आणि म्हणाली, "एवढाच खा. बाहेर निघायचंय तुम्हाला!"