शिंजिरणीची दांडी

हे निवृत्त होऊन कायमचे घरी आले आणि पहिल्याच महिन्यात मला कळलं, की नवरा वर्षातून तीन महिनेच बरा. एकतीस वर्षं हे मालवाहू बोटींवर कूक होते. तिकडे पंचवीस माणसांना दोन वेळा जेवू घालायचे. मांडवीच्या आमच्या घरात मात्र चहा पावडरीचा डबा कुठल्या फळीवर आहे ते अजून विचारतात. बसायचं कुठे, तर पडवीत. बघायचं काय, तर समुद्र. एवढी वर्षं बघून पोट भरलं नाही मेलं!

मग फेब्रुवारीत पडवीतल्या बल्बच्या वायरवर शिंजिराच्या जोडप्याने घरटं मांडलं आणि माझी सुटका झाली. ह्यांनी खुर्ची फिरवली, दुर्बीण काढली आणि सकाळ-संध्याकाळ पहारा सुरू केला. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. नर उन्हात जांभळा-निळा झळकतो, मादी आपली मळखाऊ. कोळ्याची जाळी आणायची तिने, गवत आणायचं तिने, घरट्याच्या दारावर पडवीसारखं छपरू काढायचं तिने आणि पुढे अंड्यांवर बसायचं तेही तिनेच. नर समोरच्या माडाच्या झावळीवर बसून गात असे.

"तो राखण करतोय गो," हे म्हणाले.

"कोणाची?" मी विचारलं. कावळा आला तेव्हा हा पठ्ठ्या कुठे दिसला नव्हता. पण दुसरा नर नुसता तिच्या आसपास फिरकला, की हा चवताळून त्याच्या अंगावर. "घराची नाय, बायकोची राखण चाललीय. आणि तीसुद्धा स्वतः घरी असेल तेव्हाच." मग मी विषय वाढवला नाही. खरं सांगायचं तर थोडा वाढवला.

दोन पिल्लं बाहेर आली. आता नरही अधूनमधून चोचीत किडा घेऊन येई. तिच्या चार खेपा झाल्या की ह्याची एक. त्या एका खेपेचं ह्यांना कोण कौतुक! "बघ बघ, बाप आला!" आई दिवसभर येत होती, तिच्यासाठी कोणी आरोळी ठोकली नाही.

एका सकाळी मादी आलीच नाही. नऊ वाजले, दहा वाजले. पिल्लं चोची वासून ओरडत होती. नर आला, बावचळला, दोनदा आत डोकावला. मग गेला आणि किडा घेऊन आला. परत गेला, परत आला. दुपारपर्यंत बिचाऱ्याचं गाणं बंद! इकडे ह्यांचा जीव खालीवर. "मांजराने नेली गो तिला. आता ह्या पोरांचं काय?" म्हणत कुंपणापर्यंत जाऊन आले. जेवलेसुद्धा नाहीत धड.

मी मागीलदारी कपडे वाळत घालायला गेले, तर बाईसाहेब शेजारणीच्या जास्वंदीवर! धडधाकट. फुलात चोच घालायची, मध ओढायचा, पंख फुलवायचे, मान वळवून पाठ साफ करायची. काही म्हणजे काही काम नाही. मी बालदी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसले. ह्यांना सांगितलं मात्र नाही.

दुपार कलल्यावर ती घरट्यावर परतली, आणि मला जे कळायचं ते कळलं. पिल्लं जगलेली दोघांनाही हवी असतात, आणि दोघांनाही वाटतं की राबावं दुसऱ्याने. दुसरा सोडून जाणार नाही याची ज्याला खात्री, तो आधी उडतो. माझ्या नवऱ्याला ती खात्री एकतीस वर्षं होती.

त्याच आठवड्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती, जावयालाही रजा मिळेना, आणि बाळाला सांभाळायला ठरवलेली बाई ऐनवेळी नाही म्हणाली. "आई, दोनेक महिने येशील ना?" ह्यांना विचारायचं कोणाला सुचलंच नाही. मला नातीची माया नव्हती असं नाही. पण दोन पोरं एकटीने वाढवली होती, सासूसासऱ्यांची आजारपणं काढली होती. आता मला सकाळी चहा पिऊन झाल्यावर बसल्या जागी आणखी एक चहा प्यायचा होता, बस. तरी कोणीच गेलं नाही, तर पोरीची नोकरी जाणार होती.

"माझा गुडघा धरलाय गो," मी म्हणाले. "तुझे तीन जिने मला नाय झेपायचे." गुडघा ठणठणीत होता. त्याच सकाळी मी मासळी बाजारात चालत जाऊन आले होते.

फोन स्पीकरवर होता. हे बाजूला उभे. "मग... मी जाऊ?"

"बाबांना काय जमणार?" मुलगी म्हणाली.

झालं! "भर वादळात पंचवीस माणसांना भात रांधून घातलाय मी," हे गरजले, "एका एवढ्याशा पोरीला दूध नाय पाजता यायचं?" दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाले. मी फाटकापर्यंत लंगडत पोचवायला गेले. रिक्षा वळली, तशी सरळ चालत आत आले.

दोन-दोन चहा पीत मी ह्यांच्या फोनची वाट बघत होते. दमतील, रडकुंडीला येतील आणि विचारतील, तू एकटीने कसं गो निभावलंस? ते एक वाक्य मला हवं होतं. त्यासाठीच तर लंगडले होते.

पंधराव्या दिवशी दुपारी फोन आला. मागे नात खिदळत होती. "अगो, ही माझ्याच अंगावर झोपते," हे म्हणाले. "उठली की आधी मला शोधते. हे एवढं गोड असतं, तू कधी बोलली नाहीस गो?"

संतापाने माझे कान तापले. "बोलले होते," मी म्हणाले. "दर पत्रात लिहीत होते. आपल्या पोरीला पहिला दात आला तेव्हा लिहिलं, रांगायला लागली तेव्हा लिहिलं. पत्र तुम्हाला कुठल्या बंदरात मिळेपर्यंत पोर चालत असायची."

 पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"दोन महिने झाले तरी आणखी थोडे दिवस राहू काय गो?"

दर खेपेला बोटीवर निघताना हे नुसतं 'येतो' म्हणून जात. 'राहू काय' असं मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आणि तेही पुण्यात राहण्यासाठी. मी म्हटलं, राहा.