प्रधानाचा पाय

रेडिओ केंद्रात सगळे त्यांना टापकाका म्हणतात. करवंट्या आपटून घोडा पळवावा तर त्यांनीच. श्रुतिकांमध्ये जे बोलत नाही ते काका वाजवतात: दार, पाऊस, भांडी आणि मुख्य म्हणजे पावलं. स्टुडिओच्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे, खडीचा ट्रे, एक लांब फळी आणि भिंतीला लावून ठेवलेले बुटांचे जोड. संहितेत ‘प्रधान येतो’ एवढंच असतं. कसा येतो, ते काका ठरवतात.

गेल्या वर्षी सुरू झालेल्या मालिकेत एका कल्पित राज्याचा प्रधान होता आणि त्याचा सेनापती. दोघांचेही आवाज जाड, त्यामुळे कोण आलं ते ऐकणाऱ्याला कळेना. काकांनी प्रधानाला लंगडं केलं. एक पाय ठाम, दुसरा फळीवरून घासत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. मालिका गाजली.

मग देशाचे साहेब न्हाणीघरात घसरले. बऱ्याच दिवसांनी टीव्हीवर दिसले, तेव्हा डावा पाय ओढत व्यासपीठावर चढत होते. केंद्रासमोरच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, “आला बघ प्रधान.” सगळे हसले आणि लगेच गप्प झाले. काकांचा चहा तसाच निवला.

त्याच आठवड्यात केंद्रात दोन माणसं आली. बोलणं अगदी अदबीचं. लेखकाने संहिता पुढे केली. तिच्यात लंगडणं नव्हतं. दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, “पावलांचं खातं काकांचं.” उरले काका.

“साहेब पडले त्याच्या कितीतरी आधीचं रेकॉर्डिंग आहे हो हे.”

“म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

काका हातातला बूट उगाचच पुसू लागले.

दुसरा हसला. “घाबरताय कशाला? प्रधानाला बरं करा, झालं.”

पुढच्या भागात प्रधान ताठ चालत आला. आणि फोन सुरू झाले. पाय कधी बरा झाला? औषध कोणाचं? लंगडणं ज्यांच्या ध्यानातही नव्हतं, त्यांनाही आता कळलं. काका टपरीवर आले की बाकावरचे लोक हळूच उठू लागले.

ती दोन माणसं पुन्हा आली. “लोकांना आठवण करून द्यायला कोणी सांगितलं होतं?” बाईंनी घाईघाईने तोड काढली: यापुढे प्रधान चालणारच नाही, बसून बोलेल. माणसं गेली, पण त्यांतला एक फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. बहुतेक पायांकडेच.

आणि परवा खडीचा ट्रे उचलताना काकांचा घोटा मुरगळला. डावाच.

“दोन दिवस घरी बसा की,” बायको पट्टी बांधताना म्हणाली.

“बसलो तर का बसलो म्हणून विचारतील.”

“मग सांगा, पाय मुरगळला.”

“कोणता, ते विचारल्यावर?”

तिने पट्टीला आणखी एक वेढा दिला.

सकाळी काकांनी पट्टीवरून बूट चढवले. बायकोला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभं केलं, आणि ते बाहेरच्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

“लंगडतोय?”

“थोडं.”

“पुन्हा ऐक.”

घाम गळ्यापर्यंत आला होता. ते पुन्हा चालले. नंतर आणखी एकदा.

“आता?”

“आता नाही कळत.” तिने डोळे उघडले नव्हते. “पण अहो, जिना सावकाश उतरा. जिन्यात आवाज घुमतो.”