बोकड परत आला

माझा फोटो स्टुडिओ मुरबाडला आणि घर टोकावड्याला. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर. घरी इंटरनेट नाही, म्हणून एक पोर्टेबल डिस्क पिशवीत टाकून मी एसटीने ये-जा करायचो. स्टुडिओत डिस्क जोडली की एक छोटा प्रोग्रॅम दोन्हीकडच्या फायली ताडून बघायचा. जी नवी असेल ती ठेवायची, जुनीवर तीच चढवायची. सगळं पुन्हा कॉपी करत बसायला नको.

त्या मोसमात धसईच्या एका लग्नाचा अल्बम होता. ग्रुप फोटोत नवऱ्याच्या शेजारी एक बोकड उभा. पाहुण्यांच्या घोळक्यात कधी घुसला कळलं नाही, पण कॅमेऱ्याकडे असा बघत होता की सख्खा भाऊ वाटावा. नवरीचे मामा म्हणाले, "ह्याला काढा. आमच्या पोरीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागंल."

सकाळी घरी चहा पिताना मी त्या फोटोचे रंग सुधारले, स्टुडिओत आल्या आल्या डिस्क जोडून त्यातला बोकड पुसला, त्याच्या जागी मांडवाचा पडदा ओढला, तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवून बॅकअप घेतला आणि मामांना बोलावून फोटो उघडला. बोकड जागेवर.

"ओ फोटोवाले, हा हाय की अजून!"

मामांना चहा पाजून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी घरी त्याच फोटोत नवरीच्या शालूचा रंग नीट केला, स्टुडिओत पुन्हा बोकड पुसला. बॅकअप झाला आणि बोकड परत आला. मामा या वेळी बायकोलाही घेऊन आले होते. मामी फोटोवर वाकल्या आणि म्हणाल्या, "नवऱ्यापेक्षा ह्योच हसतोय बरा."

मी केबल बदलली. व्हायरस शोधला. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाला लावून ऐकली आणि तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. गंमत म्हणजे दुपारी केलेलं काम टिकायचं. उडायचं ते फक्त सकाळी स्टुडिओत आल्या आल्या केलेलं. स्टुडिओला कुणाची तरी नजर लागली, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

शेवटी एका सकाळी त्या फोटोची घरून नुकतीच आलेली फाइल नीट तपासली. शेवटचा बदल कधी झाला ते तिथे लिहिलेलं असतं. मी मोबाइलवर वेळ बघितली, पुन्हा फाइलकडे बघितलं. फाइलमधली वेळ अजून व्हायची होती. मी येत्या अर्ध्या तासात करणार असलेलं काम घरी करून आलो होतो! प्रोग्रॅमचं काही चुकत नव्हतं. घरची बोकडवाली फाइल त्याला नवी दिसायची आणि माझी ताजी मेहनत जुनी.

घरी येऊन बघतो तर कॉम्प्युटरचं घड्याळ तासाभराने पुढे.

"हे कुणी केलं?"

बायको तांदूळ निवडत होती, ती आणखी खाली वाकली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "मीच सांगितलं तिला करायला. तुझी रोज एसटी चुकते."

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आई कायम पुढे ठेवते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असल्यामुळे मी तेवढा वेळ वजा करून आरामात आवरायचो. ते तिच्या लक्षात आल्यावर तिने काटा आणखी पुढे सरकवला, मग मी आणखी वजा करू लागलो. असं करत करत आमचं घर तासभर पुढे गेलं होतं, आणि कॉम्प्युटरलाही तिने रांगेत आणलं होतं.

"अगं, पण त्याला नको ना फसवू!"

"त्याला कुटं फसवलं? तो कुटं जातोय एसटीनं?"

मी कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर लावलं. दुसऱ्या दिवशी बोकड गेला तो गेलाच. अल्बम छापून आला, मामांनी भिंग घेऊन तो पानापानाला तपासला आणि समाधानाने घरी नेला.

आता घरातल्या घड्याळांत खरी वेळ एकट्या कॉम्प्युटरला माहीत असते. संध्याकाळी आई हळूच माझ्यामागे येऊन उभी राहते. मालिका लागायला खरंच किती वेळ आहे, हे तिलाही भिंतीवर बघून कळत नाही.

"बघायला आलीस ना?" मी विचारतो.

"नाय रे," ती म्हणते, "चाललंय ना नीट तुझं, ते बघते."