दुधराम कंडक्टर आणि चार खोल्यांचं वायफाय

तलावाकाठच्या नवेगाव बांध गावात दुधराम कंडक्टर म्हटलं की लोकांना आधी त्याचा आवाज आठवतो, मग माणूस. तीस वर्षं एसटीत घसा फोडून त्यानं जगाला एकच गोष्ट सांगितली, "मधात उभे राहू नका, समोर सरका!" रिटायर झाल्यावर खाकी उतरली, पण आवाज काही उतरला नाही. घरात पाणी मागितलं तरी शेजारच्या हिरालालच्या गाई कान टवकारायच्या. राग तर कायमचा नाकाच्या शेंड्यावर.

अशा माणसाच्या नशिबी वायफाय आलं.

त्याचं घर एकामागे एक चार खोल्यांचं, लांबट, त्याच्या एसटीसारखंच. पुढे ओसरी, मग मधल्या दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि मागचं आंगण. २०१७च्या दिवाळीआधी केबलवाल्या जागेश्वरनं ओसरीत वायफायचा डबा ठोकला. तेव्हा दुधरामची बायको गीताबाई पार मागे चुलीपाशी बसून मोबाइलवर गाणी ऐकायची. एकदाही अडलं नाही. मग जानेवारीत, लेकीचं लग्न तोंडावर असताना, त्याच वायफायनं मान टाकली.

एरवी दुधरामनं तो डबा उपटून तलावात फेकला असता. पण या वेळी प्रश्न एका गाण्याचा होता, आणि ते गाणं साधं नव्हतं. गावात हळद कुणाच्याही घरची असो, गाणं गीताबाईचंच असायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. शंभर घरच्या लेकींच्या हळदीला गायलेल्या बाईला स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी गाता येणार नव्हतं. ती रडली नाही, पण हळदीचा विषय निघाला की उठून जायची. अशात पुतण्या धर्मेंद्रला १९९९ सालची कॅसेट सापडली. दुधरामची बहीण रुख्मिणी हिच्या हळदीत गीताबाई गायली होती, ते गाणं. त्यानं ते मोबाइलच्या गाण्यांच्या अ‍ॅपवर टाकलं. लेक हर्षानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "मले हळद लागन तं आईच्या गाण्यावरच लागन. नाही तं लावूच नका."

हळद मागच्या आंगणात लागणार होती आणि गाणं काही तिथवर पोहोचत नव्हतं. ओसरीत ठणठणीत वाजायचं. मधल्या खोलीत अडखळायचं. आंगणात तर नुसतं ते गोल चाक फिरत राहायचं. मोबाइलची रेंज तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, गेल्याशिवाय मिळत नव्हती. धर्मेंद्र म्हणाला, "काका, पेनड्राइव्हमधे भरून आणतो." दुधराम उखडला. "नागपूरहून गाणं ओसरीत येते अना ओसरीतलं आंगणात काऊन नाही जात? पैसे भरतो मी. गेलंच पाह्यजे!"

मग त्यानं काय काय केलं ते विचारू नका. डबा खुंटीवर टांगला, आढ्याला बांधला, देवघरात गणपतीच्या शेजारी बसवला. त्याच्या मागे स्टीलचं ताट उभं केलं, ते पडून गणपतीचा कान उडाला. हिरालाल चोरून वायफाय वापरतो असा आळ घेऊन त्याच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. बिचाऱ्या हिरालालकडे बटणांचा मोबाइल होता!

जागेश्वर दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "काका, मधात अजून एक डबा बसवू. तो इकडलं बारीक ऐकते अना तिकडं जोरानं सांगते."

"पहिला डबा काम नाही करून राहिला, अना तू दुसरा देऊन राहिला? गाडी बंद पडली तं मांगं अजून एक बंद गाडी जोडते का गा?"

जागेश्वर गेला तो पुन्हा फिरकला नाही.

या सगळ्यात गीताबाई तीनदा काहीतरी सांगायला आली होती. मधल्या खोल्यांकडे बोट दाखवून कुजबुजायला लागायची. पण तिची कुजबुज पुरी व्हायला वेळ लागे आणि दुधरामपाशी तेवढाच नव्हता. एकदा त्याला वाटलं उंदीर म्हणते, तो पिंजरा घेऊन आला. एकदा वाटलं झाडू मागते. तिसऱ्यांदा तो खेकसला, "तुह्याच गाण्यासाठी मरून राहिलो ना मी! मंग कायले मधात येतं?"

ती परत चुलीपाशी गेली. मग हळदीच्या दिवशी, आंगणात बाया जमायला लागल्या तेव्हा, कमरेला पदर खोचून ती मधल्या खोलीत गेली आणि धानाचं एक पोतं ओढायला लागली. दुधराम धावला, तोंड उघडलं, तोच हर्षा आडवी आली.

"बाबा, एक मिनिट तोंड बंद ठेवा. आई काय म्हणून राहिली ते ऐका."

गीताबाई दम घेत कुजबुजली, "दिवाळीले चालत होतं... मंग धान आलं... पोते रचले... तवापासून बंद आहे."

दुधरामनं वर पाहिलं. दोन्ही खोल्यांत छातीच्या वरपर्यंत चाळीस-बेचाळीस पोती, त्यानं स्वतः रचलेली, ओसरी आणि आंगणाच्या बरोबर मधात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीस वर्षं लोकांना मधून सरकवणाऱ्या कंडक्टरला घरातली गर्दी दिसली नव्हती.  धर्मेंद्रला घेऊन त्यानं घामाघूम होत सगळी पोती बाजूच्या गोठ्यात नेऊन टाकली.

आणि गाणं आलं. आंगणातल्या स्पीकरमधून गीताबाईचा एकोणीस वर्षांपूर्वीचा आवाज, भरदार, खणखणीत.

"आली हळद आली वो, तळ्याच्या पाळीनं,
लेक न्हाली वो, मायच्या ओंजळीनं..."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. हर्षाच्या गालाला हळदीची पहिली बोटं लागली. दुधराम कंबरेवर हात ठेवून उभा, जणू गाणं त्यानंच म्हटलं होतं. आजवर त्यानं ते पहिल्या कडव्यापुढे कधी ऐकलं नव्हतं, कुणाला ऐकूही दिलं नव्हतं. त्याला फक्त चालतं की नाही एवढंच पाहायचं असायचं.

दुसरं कडवं सुरू झालं आणि स्पीकरमधून एक पुरुषी आवाज कडाडला.

"बंद करा ते बोंबलणं! पहाटची ड्यूटी करून आलो मी. झोपू द्या!"

गाणं तिथंच तुटलं. पुढे नुसती खरखर. दुधरामला स्वतःचा आवाज ओळखायला क्षणभर लागला, बाकीच्यांना तेवढाही लागला नाही.

"मंग पुढं?" त्यानं विचारलं.

कोपऱ्यातून रुख्मिणी म्हणाली, "पुढं कुठचं, दादा? वहिनी चूप बसली. माही हळद मुकीच लागली त्या दिवशी."

 दुधरामचा चेहरा उतरला. त्याला लाज वाटली, आणि हे बायकोनं एकोणीस वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही याची जास्त वाटली. गीताबाई खाली मान घालून वाटीतली हळद कालवत होती.

तो तिच्याजवळ गेला, चटईवर बसला, बायांच्या आणि तिच्या बरोबर मधात. कान तिच्या तोंडापाशी नेला.

"सांग," तो म्हणाला. "पुढलं सांग. मी म्हणतो."

गीताबाईनं हळदीची वाटी खाली ठेवली. मग ती कुजबुजली. दोन शब्द ऐकले न ऐकले तोच सवयीनं त्याचं तोंड उघडलं. तिनं आपला हळदीचा हात त्याच्या तोंडावर ठेवला आणि ओळ सांगत राहिली. ओळ पुरी होईपर्यंत दुधराम हलला नाही.

मग तिनं हात काढला, आणि पिवळ्या तोंडाचा कंडक्टर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला,

"जाजो लेकी वो, पाळी-पाळीनं!"

बायांनी ओळ उचलली. त्यानं पुन्हा कान खाली नेला.